कुंदाताई, तुझी वाटणी होणार नाही

कुंदाताई,

रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. पुढच्या रांगेत भाऊजी बसले होते, शेजारी तुमची लेक इरा. टेबलावर तुझा फोटो होता, त्यात तू हसत नव्हतीस. तू हसत नाहीयेस असे फोटो फार थोडे आहेत, म्हणजे कोणीतरी मुद्दाम शोधून काढला असणार.

तिघेजण बोलले. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, कुंदाताई मुळात हाडाच्या पत्रकार, जाहिरातीत गेल्या त्या केवळ नाइलाजानं. मग आपल्या एजन्सीचे गुरमीत सर उठले. ते हिंदीत म्हणाले की मॅडमसारखी कॉपीरायटर चंडीगढ, मोहाली, पंचकुला, सगळ्या ट्रायसिटीत झाली नाही, पुस्तकं वगैरे त्यांनी पुढे हौस म्हणून लिहिली. शेवटी वाचक मंडळाच्या बाई बोलल्या. त्यांनी तुझी तीनही पुस्तकं वाचली आहेत, अगदी खुणा करून. त्यांचं म्हणणं असं, की बातम्या आणि जाहिरातींत तुझी उमेदीची वर्षं वाया गेली नसती तर तू साहित्यात कुठल्या कुठे पोचली असतीस.

तिघांनी मिळून तुला वाटून घेतलं, ताई. आणि ज्याला जो भाग नको होता तो त्यानं बाजूला सारला.

मलाही बोलायचं होतं. अध्यक्षांनी विचारलंसुद्धा. पण मी उठले असते तर भांडले असते, आणि भाऊजींसमोर मला ते नको होतं. म्हणून घरी येऊन लिहायला बसले, ते आज दोन महिन्यांनी पुरं करतेय. वाचून कोणाला राग आला तर त्यांनी खुशाल माझ्याकडे यावं. मी मोहालीतच आहे, पत्ता मंडळाकडे आहे.

तुला आपली पहिली भेट आठवते का? मी लग्न होऊन साताऱ्याहून आले होते. संदीप त्याच्या सरकारी कंपनीत सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा, आणि मी दिवसभर क्वार्टरच्या खिडकीतून समोरच्यांच्या गाड्या मोजायची. तुमची जाहिरात एजन्सी चंडीगढच्या सेक्टर चौतीसमध्ये होती, कोचिंग क्लासच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. मी नोकरी मागायला आले. तू माझं शिक्षण विचारलं नाहीस. मोहालीच्या एका नव्या सोसायटीचं माहितीपत्रक माझ्यापुढे टाकलंस आणि म्हणालीस, यात खोटं काय आहे ते सांग.

मी दोनदा वाचलं आणि सगळंच खरं वाटतंय असं सांगितलं. तू पर्स उचललीस. "चल मग, बघून येऊ."

आपण ऑटोनं निघालो. माहितीपत्रकात लिहिलं होतं, चंडीगढपासून फक्त पाच मिनिटं. आपल्याला पाऊण तास लागला. शेवटचा रस्ता कच्चा होता आणि ऑटोवाल्यानं पुढे यायला साफ नकार दिला, तेव्हा आपण चालत गेलो. अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या मागे गव्हाची शेतं होती आणि इतकी शांतता होती की मला साताऱ्याची आठवण आली. मी तसं म्हणाले. तू थांबून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, तुझी नोकरी पक्की.

त्या जाहिरातीत तू सरळ लिहिलंस की शहरातून इथे यायला पाऊण तास लागतो, आणि आल्यावर परत जावंसं वाटत नाही. बिल्डर चिडला. गुरमीत सरांनी डोक्याला हात लावला. तू बिल्डरला विचारलंस की पाच मिनिटं म्हणून आलेला माणूस पाऊण तासानं पोचतो तेव्हा तो तुमच्या स्वयंपाकघरातल्या फरश्या बघतो, की तुम्ही आणखी काय काय खोटं सांगितलंय ते शोधतो? त्यानं ती जाहिरात छापली. घरं विकली गेली. आज मी त्याच सोसायटीत राहते, आणि आता शेतं उरली नाहीत. शेतं राहतील असं तू लिहिलेलं नव्हतंस, त्यामुळे तुला दोष देता येत नाही.

म्हणून मला अध्यक्षांना विचारायचं होतं, नाइलाज कुठे दिसला तुम्हाला? तू जाहिरातीत आलीस ती बातमीदार म्हणूनच आलीस. हीटरची जाहिरात असली की तू दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचीस. रजयांची असली तर दुकानदाराच्या आधी गिऱ्हाइकांशी बोलायचीस. मी एकदा विचारलं होतं, पोटासाठीच ना हे सगळं, मग इतकी दगदग कशाला? तू टिफिनचं झाकण लावता लावता म्हणालीस, "हो, पोटासाठी. पोट काय वाईट जागा आहे?"

बातमीदारीचे तुझे दिवस मी पाहिलेले नाहीत. जे माहीत आहे ते तूच ऑटोत, जिन्यात, थंडीत गच्चीवर किन्नू, म्हणजे इथली संत्री, सोलताना सांगितलेलं. अमरावतीच्या एका दैनिकात तू लागलीस तेव्हा तिथे बाईसाठी खुर्ची नव्हती, म्हणजे खरंच नव्हती, आणि तू पहिला आठवडा कागदांच्या गठ्ठ्यावर बसून काढलास. शेवटी संपादकांनी खुर्ची मागवली, तेव्हा तू म्हणालीस की आता सवय झाली, खुर्ची पुढच्या बाईला ठेवा. हे खरं होतं की तू रंगवून सांगायचीस हे मला कधी कळलं नाही. भाऊजी म्हणतात, खरं आहे.

मग भाऊजींची सेक्टर एकोणचाळीसच्या संशोधन संस्थेत बदली झाली, आणि तू खुर्ची, गठ्ठा, अमरावती सगळं सोडून त्यांच्याबरोबर इथे आलीस. इथे मराठी पेपर कुठला असणार? तू हिंदी पेपरात गेलीस. "पुलिस आया" असं लिहिलंस म्हणून सगळं ऑफिस हसलं. तू त्यांच्याबरोबर हसलीस, आणि मग म्हणालीस की आया की आयी ते नंतर बघू, मुळात इतक्या उशिरा का आली ते कोणी विचारलं का? कोणी विचारलं नव्हतं. ती बातमी तुझ्या नावानं छापून आली, क्रियापद दुरुस्त करून. पुढे त्या पेपरनं इथली आवृत्तीच बंद केली आणि एका दुपारी सगळे घरी बसले. त्यात तुझा काही पराक्रम नव्हता, काही पडती बाजूही नव्हती. पेपर बंद पडला, तू दुसऱ्या दारातून आत गेलीस, लिहीत राहिलीस. ही एवढी साधी गोष्ट लोकांना का कळत नाही?

एक गोष्ट मात्र मी रविवारी सांगायला हवी होती. ती कोणालाच माहीत नव्हती.

संदीपची गुवाहाटीला बदली झाली तेव्हा मी राजीनामा टाइप करून तुझ्या टेबलावर ठेवला. तू तो वाचलास, घडी घातलीस आणि विचारलंस, "काहून?" चिडलीस की तुझ्या तोंडून वऱ्हाडी निघायचं. मी म्हणाले, बदली झाली. तू म्हणालीस, "बदली त्याची झालीये. तुझी नाही."

मला हसू आलं होतं. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. पण तू थांबली नाहीस. रविवारी सकाळी भाऊजींना घेऊन आमच्याकडे आलीस, पोहे खाल्लेस, आणि संदीपला समोर बसवून शांतपणे सांगितलंस की मेघना इथे चांगलं काम करतेय, वर्षभर तरी तिला इथे राहू द्या, तुम्ही सुट्टीत या. संदीप बिचारा चमचा हातात धरून बसला. सासूबाईंचे साताऱ्याहून फोनवर फोन आले. मंडळात बायका माझ्याकडे अशा बघायच्या की जणू माझा घटस्फोटच झाला. जाताना दारात तू मला हळूच म्हणालीस, "मी एकदा गेले होते त्यांच्या मागे. आपल्या सगळ्यांच्या वतीनं तेवढं पुरे झालं."

भाऊजी मागेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. चपला घालत राहिले. त्या वाक्यावर तुमच्या दोघांत घरी काय बोलणं झालं हे मी कधी विचारलं नाही. आता तुला विचारता येत नाही, आणि त्यांना विचारायचं धाडस नाही. मी तेव्हा राहिले. संदीप तीन वर्षांनी परत इथे आला. मी आज जे काही आहे ते त्या सकाळच्या पोह्यांमुळे आहे, आणि याबद्दल मी तुला एकदाही थँक्यू म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर तू विषय बदलला असतास.

आता कोचिंग क्लासबद्दल. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

क्लासचे मालक आपले सगळ्यात मोठे क्लायंट. निकाल लागले की सेक्टर चौतीसभर मुलांचे फोटो लागायचे, तसेच त्याही वर्षी लागणार होते. तुला पहिल्या आलेल्या मुलीचं एखादं वाक्य हवं होतं, खरं, तिच्या तोंडचं. म्हणून तू तिच्या घरी फोन लावलास. वडिलांनी उचलला. ते सरळ माणूस होते. म्हणाले, मुलगी त्या क्लासला कधी गेलीच नाही, एकदा फक्त फुकटची चाचणी परीक्षा द्यायला गेली होती, फोटो तेव्हाचा आहे.

तू गुरमीत सरांना सांगितलंस. ते म्हणाले की मॅडमजी, सगळेच करतात. तू मालकांना भेटलीस. ते हसून म्हणाले की जाहिरात आहे, एफिडेव्हिट थोडंच आहे. मी तुझ्या शेजारी बसले होते. तुझा आवाज चढला नाही. तू एवढंच म्हणालीस की हा फोटो जाणार असेल तर ही जाहिरात मी लिहिणार नाही, आणि मी ज्या एजन्सीत आहे तीही लिहिणार नाही. गुरमीत सर खाली बघत राहिले. एजन्सीनं ती जाहिरात लिहिली. तू त्या आठवड्यात नोकरी सोडलीस. रविवारी गुरमीत सरांनी तुझ्या सगळ्या जाहिराती आठवल्या, ही नाही आठवली. तरी एक सांगते, बोलताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. माणूस वाईट नाही. तेव्हा मान खाली घातली एवढंच.

इथवर मी तुझ्या बाजूची. पुढचं तुला माहीत आहे.

इरा तेव्हा बारावीत होती आणि त्याच क्लासला जात होती. तिची बॅच चांगली होती, मैत्रिणी तिथे होत्या, परीक्षेचं वर्ष होतं. तू तिलाही तिथून काढलंस. ज्यांची जाहिरात मी लिहू शकत नाही त्यांच्याकडे माझी मुलगी कशी पाठवू, असं तू म्हणालीस. मी तेव्हाच म्हटलं होतं, आधी तिला विचार. तू म्हणालीस, यात विचारण्यासारखं काही नाही. होतं, ताई. होतं. मी अजूनही तेच म्हणेन. इराला हवं होतं ते कॉलेज मिळालं नाही. क्लास सोडला नसता तर मिळालं असतं का, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि म्हणूनच ते भांडण कधी मिटलं नाही. पुढे तिचं सगळं चांगलं झालं, मोहालीत मोठ्या कंपनीत आहे, पण दिवाळीच्या फराळालासुद्धा तो विषय निघायचा. तू मराठीत बोलायचीस, ती हिंदीत उत्तर द्यायची. तिचं एक वाक्य मला पाठ आहे: "उसूल आपके थे मम्मी, एंट्रन्स मेरा था।"

हे ऐकलं की तू उठून चहा टाकायचीस.

नोकरी सुटली आणि तू पुस्तकं लिहायला लागलीस. वाचक मंडळाच्या बाईंना वाटतं तशी ती कोरी सुरुवात नव्हती. मी पाहिलंय ना. तू गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसायचीस आणि प्रत्येक पानासाठी आधी कोणाकडे तरी जाऊन यायचीस. बदल्यांवर इथे येऊन राहिलेल्या मराठी बायकांवरचं तुझं पहिलं पुस्तक, त्यासाठी तू सेक्टर सेक्टर फिरलीस, क्वार्टरच्या पायऱ्यांवर बसलीस, बायकांना बोलतं केलंस. ती बातमीदारी होती. आणि वाक्यं अशी, की एक शब्द काढला तर पडतील, ती जाहिरातीनं शिकवलेली. समीक्षकांनी शैलीची वाखाणणी केली तेव्हा तू मला फोन करून म्हणालीस, "मेघे, हीटर विकताना शिकले ते. सांगू का त्यांना?" मी म्हणाले, सांग. तू खरंच सांगितलंस, एका कार्यक्रमात, माइकवर. निम्मा हॉल हसला, निम्म्याला ते आवडलं नाही.

शेवटच्या पुस्तकात तुला हेच सगळं एकत्र आणायचं होतं. बातमी, जाहिरात, पुस्तकं, एका बाईच्या हातून एकाच आयुष्यात लिहून झालेलं. तू हस्तलिखित आधीची पुस्तकं छापणाऱ्या पुण्याच्या प्रकाशकांकडे पाठवलंस. त्यांना पत्रकारितेचा भाग फार आवडला. जाहिरातीची सात प्रकरणं काढावीत असं त्यांनी सुचवलं, आणि भाषाही जरा साफ करावी. यार, जी, पक्का, असले शब्द फार येतात, मराठी बिघडल्यासारखी वाटते. तू फोन स्पीकरवर ठेवला होतास. मी आणि भाऊजी ऐकत होतो. तू म्हणालीस, "माझी मराठी आयुष्यभर परमुलखात राहिली साहेब. भाजी आणायला गेली, पोरं वाढवली, भांडली. थोडी चंडीगढची झाली असेल. ती तशीच छापा, नाही तर राहू द्या."

त्यांनी विचार करतो म्हणून सांगितलं. तू पुस्तकाचा शेवट नव्यानं लिहायला घेतलास. आणि त्याच सुमारास तुझं कॅन्सरचं जुनं दुखणं उलटलं.

आपलं सगळ्यात मोठं भांडण इथे आहे. डॉक्टर म्हणाले, केमो पुन्हा सुरू करू, काही महिने वाढतील. तू नको म्हणालीस. इरा रडली, चिडली, दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही. भाऊजींनी तुझ्याकडे पाहिलं आणि तुझा निर्णय मानला, जसा त्यांनी आयुष्यभर मानला. मी मानला नाही. दुपारची तुझ्या पलंगाशेजारी बसून मी तुला विचारलं, का?

तू म्हणालीस, "केमो घेतलं की डोक्यात धुकं भरतं. वाक्य सुरू केलं की त्याचं दुसरं टोक सापडत नाही. असे महिने घेऊन मी करू काय?"

"भाऊजींना द्यायचे," मी म्हणाले. "इराला द्यायचे. मला द्यायचे."

तू हस्तलिखिताची पानं माझ्याकडे सरकवलीस. मग म्हणालीस, "शेवटच्या प्रकरणात एक वाक्य लंगडतंय, वाचून दाखव जरा." मी वाचून दाखवलं. राग आला होता, तरी वाचलं. तू डोळे मिटून ऐकलंस आणि दोन शब्दांची जागा बदललीस. वाक्य चालायला लागलं. ते खरंच चांगलं झालं, ताई, पण त्याच्या बदल्यात तू आमच्याकडून जे घेतलंस ते मला पटलेलं नाही. लोक म्हणतील, गेलेल्या माणसावर काय रागवायचं. मी रागावणार. तू असतीस तर तूही मला गप्प बसू दिलं नसतंस.

पुस्तक पूर्ण झालं आणि तू गेलीस. जानेवारीतलं धुकं होतं. स्मशानात जाताना पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. भाऊजी मला एकदाच म्हणाले, "तिनं संपवलं ना गं सगळं लिहून?" मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. प्रकाशक चांगलं बोलले, तुझ्या आठवणी सांगितल्या. मग म्हणाले की पुस्तक लगेच आणू, श्रद्धांजली म्हणून वाचक उचलून धरतील. जाहिरातीची प्रकरणं मात्र आता काढता येतील, ती ठेवण्याबद्दल ताई स्वतः फार आग्रही होत्या, तुम्ही समजून घ्याल.

फोन भाऊजींना आला होता. त्यांनी तो इराकडे दिला, म्हणाले की हे तुझ्या आईचं आहे, आता तुझं आहे, तू ठरव. मी तिथेच होते, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. त्या सात प्रकरणांत तो क्लास आहे. ज्या गोष्टीनं इराचं मन इतकी वर्षं कडू केलं ती तू त्यात लिहिली आहेस, सविस्तर, तुझ्या बाजूनं, आणि जराही माघार न घेता. तिनं ते वाचलेलं होतं, तूच दिलं होतंस. काढून टाका म्हणायचा सगळ्यात जास्त हक्क कोणाला असेल तर तो तिलाच होता. शिवाय इरा व्यवहारी पोरगी. पुण्याचं नाव मोठं, पुस्तक लवकर येणार. कोणीही हो म्हटलं असतं.

इरा मराठीत बोलली. मी तिला मोठ्या माणसांशी फोनवर मराठीत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "सर," ती म्हणाली, "मम्मीनी जसा लिहिला, तसाच येईल. एक पण प्रकरण नाही जाणार. पक्का." समोरून ते बरंच काही बोलले. तिनं ऐकून घेतलं, थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला. लिंग चुकलं होतं, वाक्य अर्धं हिंदी होतं. तुझी मुलगी आहे, दुसरं काय.

पुण्याचा नकार सभ्य शब्दांत आला. मग इरानं स्वतः शोधाशोध केली, कुठून कुठून नंबर मिळवले, आणि अमरावतीचा एक लहान प्रकाशक तयार झाला. त्यानं एकच विचारलं, पंजाबी शब्दांचे अर्थ मागे द्यायचे का? इरा म्हणाली, नको, वाचकांना कळतील, नाही कळले तर ते विचारतील. प्रती थोड्या निघतील. कागद फार उंची नसेल. पण पुस्तक सबंध येईल, तू लिहिलंस तसं.

काल तपासायला मुद्रितं आली. मी, इरा आणि भाऊजी गच्चीवर उन्हात बसून वाचत होतो. इरा मोठ्यानं वाचते, अडखळत, जोडाक्षरांवर थांबत. तिचा ळ मात्र सुरेख आहे, पंजाबीत वाढल्यामुळे असेल, दिल्लीच्या मराठी पोरांना तो जमत नाही. वाचता वाचता क्लासचं प्रकरण आलं. ती हळू झाली. तू त्या मुलीच्या वडिलांना फोन लावलास, मालकांकडे गेलीस, नोकरी सोडलीस, मुलीला काढलंस. "मला आजही वाटतं की मी बरोबर केलं," हे वाक्य तिनं नीट, एकेक शब्द सुटा करत वाचलं आणि पान मांडीवर ठेवलं.

"ये ग़लत है," ती म्हणाली. "सब कुछ इनके पॉइंट से है."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. मी म्हणाले, अगं मग त्या दिवशी फोनवर काढा का नाही म्हणालीस? तुला तर कोणी नाव ठेवलं नसतं.

इरानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी तुझ्यासारखा, न चढलेला.

"काट देती तो लड़ती किससे, मावशी?"

मग तिनं पान उचललं आणि पुढचं वाचायला लागली.

तुझी बाजू छापून येतेय, ताई, शेवटच्या शब्दापर्यंत. आमची अजून सांगायची आहे.